उन्हाळ्यातला दुसरा जोड

आमच्या घरी आई स्वतःला 'हम' म्हणायची. बाजारात एकटी गेली तरी 'हम जाके आए' असेच सांगायची. त्यामुळे 'आम्ही' म्हणताना त्यात एकटी किती आणि सगळ्या किती, याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. या लेखातले 'आम्ही'ही तसेच आहे. त्यात पिंपरी-चिंचवडमधल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणारी एक बी.एड. शिक्षिका आहे, तिच्याबरोबर स्टाफरूममध्ये डबा उघडणाऱ्या चार-पाच जणी आहेत, आणि पहाटे भोसरीच्या नाक्यावर चाकणच्या कंपनीच्या बसची वाट पाहणारी आमची नणंदही आहे.

वार्षिकांकासाठी काही लिहा, असा निरोप आला तेव्हा घरात विचारणा झाली, विषय कोणता? आम्ही म्हणालो, 'उन्हाळ्यात कामावर जाताना बाईने काय घालावे.' घरचे हसले. हा काय साहित्याचा विषय झाला? आपल्या अंकात तलाकवर लिहितात, आरक्षणावर लिहितात, उर्दू शाळांच्या घसरणाऱ्या पटावर लिहितात. ते सगळे महत्त्वाचेच आहे. पण हे सगळे प्रश्न घेऊन जी बाई घराबाहेर पडते, ती अंगावर काहीतरी घालूनच पडते, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्या कपड्यातच तिचा निम्मा जीव जातो. म्हणून हट्टाने हाच विषय घेतला.

कपड्यांशी आमची पहिली झटापट बी.एड.च्या वर्षात झाली. सराव पाठाच्या दिवशी साडी सक्तीची होती. आमच्या नानी गावाकडे आयुष्यभर साडीच नेसल्या, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि त्याच साडीत त्यांनी शेत खुरपले. आम्हाला मात्र सलवार-कमीजची सवय. मैत्रिणीकडून मागून आणलेली जॉर्जेटची साडी नऊ पिनांनी टाचून आम्ही 'उष्णतेचे वहन' हा पाठ घेतला. फळ्यावर हात वर केला की कमरेपाशी निऱ्या सुटतील की काय ही भीती, आणि पाठीवरून वाहणारा घाम. निरीक्षक बाईंनी शेरा लिहिला : विषयज्ञान चांगले, हालचाली मोकळ्या नाहीत. हालचाली मोकळ्या का नव्हत्या, हे त्यांनाही कळत असणार. त्याही साडीतच होत्या.

पुढे नोकरी लागली, लग्न झाले, दोन मुले झाली. नोकरी करणाऱ्या आईचा दिवस कसा असतो हे वाचकभगिनींना सांगायला नको. पहाटे उठून नमाज, दोन डबे, एक दुधाची बाटली, मुलांची दप्तरे, आणि या सगळ्यात स्वतःसाठी उरतात ती सात मिनिटे. त्या सात मिनिटांत जे हाताला लागेल ते अंगावर चढते. हाताला लागते ते बहुधा पॉलिस्टरच, कारण त्याला इस्त्री लागत नाही, ते रात्री धुतले तर सकाळी वाळते, आणि पिंपरी कॅम्पात ते स्वस्त मिळते. बाईने पॉलिस्टर निवडलेले नसते. तिच्याकडे वेळ नसतो, म्हणून ते तिच्या वाट्याला येते. त्या कमीजवर ओढणी, त्यावर स्कार्फ, त्यावर काळा बुरखा, तोही पॉलिस्टरचाच. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे तीन-चार थर घालून आम्ही रिक्षाच्या रांगेत उभ्या असतो.

2024 च्या मार्चमध्ये रमजान सुरू होऊन तीन-चार रोजे झाले असतील, तेव्हा राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या शिक्षकांच्या पेहरावाविषयीच्या सूचना आल्या. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा घालावा. पुरुषांनी शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला. जीन्स-टीशर्ट नको, गडद रंगाचे आणि नक्षीचे-छापाचे भडक कपडे नकोत. शिक्षकांनी नावामागे इंग्रजीत 'टीआर' आणि मराठीत 'टि' लावावे, असेही त्यात होते. स्टाफरूममध्ये त्यावर दोन दिवस चर्चा चालली. 'टि'वरून चेष्टा झाली, मुले तर आम्हाला 'आपा' म्हणतात, आता 'टि-आपा' म्हणतील काय, असे एकजण म्हणाली.

चेष्टा संपल्यावर मात्र खरी गोष्ट निघाली. जीन्सचे आम्हाला काहीच नव्हते, ती आमच्यापैकी कुणीच शाळेत घालत नव्हती. अडचण होती फिकट, साध्या रंगाची. आमच्यातली सर्वांत ज्येष्ठ शिक्षिका, जी सहसा बोलत नाही, ती हळूच म्हणाली, 'फिकट रंग उन्हाला चांगला, हे खरं आहे. पण महिन्याचे चार दिवस काय करायचं?' सगळ्या गप्प झाल्या. बाई गडद आणि छापील कापड का घेते? तिला मिरवायचे असते म्हणून नव्हे. हळदीचा हात पुसला गेला तर दिसू नये, मांडीवरच्या लेकराने दूध उलटले तर दिसू नये, पेनाची शाई दिसू नये, घामाने पाठीला चिकटलेले कापड आरपार दिसू नये, आणि सलग सहा तास वर्गात उभे राहिल्यावर मागे डाग पडला तर तोही दिसू नये. कपड्यांविषयी नियम जरूर असावेत, शिक्षकाने नीटनेटके दिसावे हे आम्हालाही मान्य आहे. पण बाईच्या कपड्याचा विचार तिच्या दिवसापासून सुरू व्हायला हवा.

त्याच वर्षी 13 मे रोजी लोकसभेचे मतदान होते. पुणे, मावळ आणि शिरूर या तिन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. आम्हाला एका केंद्रावर ड्यूटी आली. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायला रांग, दुसऱ्या दिवशी पहाटे अभिरूप मतदान, आणि मग दिवसभर बोटाला शाई लावणे. त्या दिवशी उन्हापेक्षा उकाडा जास्त होता. खोलीत एक पंखा होता, तो यंत्राच्या बाजूला फिरत होता. आम्ही बुरखा घातलेला होता, कारण सगळी परकी माणसे. पाणी प्यायलो नव्हतो, कारण तिथल्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. दुपारी दीडच्या सुमारास समोरच्या मतदाराचे बोट दोन दिसू लागले, आणि पुढचे आठवते ते शेजारच्या वर्गातल्या बाकावर आडवे पडल्यावरचे.

आमच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक मराठी बाई होत्या. त्यांनी दार लोटून घेतले, आमच्या बुरख्याची बटणे उघडली, स्कार्फ सोडला, स्वतःच्या साडीचा पदर बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि आमच्या मानेवर ठेवला. पदर निथळत होता, पाणी काही धरत नव्हता. त्या वैतागून म्हणाल्या, 'मेलं नायलॉन! पाणीसुद्धा पीत नाही.' मग विचारले, 'सकाळपासून पाणी किती प्यायलात?' आम्ही दोन बोटे दाखवली. दोन घोट. त्या म्हणाल्या, 'मी तीन.' आणि आम्ही दोघी हसायला लागलो. तोपर्यंत आम्हाला वाटत होते की ही फक्त आमची, बुरख्यातल्या बाईची अडचण आहे. त्या दिवशी कळले की त्यांची साडी आणि आमचा बुरखा एकाच गिरणीतून आलेले असू शकतात, आणि कडी नसलेले दार तर दोघींना एकच होते.

पंधरा दिवसांनी लघवीच्या जळजळीने डॉक्टरांकडे जावे लागले. पाणी न पिणे आणि तासन्‌तास लघवी धरून ठेवणे यामुळे असा संसर्ग बायकांना सहज होतो, उन्हाळ्यात तर अधिकच, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. आम्ही वर्गात मुलांना रोज शिकवतो की घाम वाळतो तेव्हा तो त्वचेतली उष्णता घेऊन जातो, म्हणून शरीर थंड राहते. घाम वाळायला दोन गोष्टी लागतात, शरीरात पाणी आणि कपड्यात हवा. आम्ही दोन्ही बंद करून टाकल्या होत्या.

तेव्हापासून आम्ही या विषयाकडे शिक्षिकेच्या नजरेने पाहू लागलो. काळा रंग ऊन शोषतो, पांढरा परतवतो, हे पुस्तकात आहेच. पण मग वाळवंटातले बदू लोक काळे झगे का घालतात? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. 1980 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यावर एक निबंध आला. माणसाला वाळवंटाच्या उन्हात काळ्या आणि पांढऱ्या झग्यात उभे करून मोजमापे घेतली. काळ्या झग्याने उष्णता जास्त घेतली खरी, पण त्वचेपर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. झगा सैल होता, खालून हवा शिरत होती, आणि जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचण्याआधीच बाहेर जात होती.

हे वाचून आम्हाला जरा ओशाळल्यासारखे झाले, कारण सासूबाईंशी आमचा वाद रंगावरच चालला होता. आम्ही म्हणायचो, काळाच हवा असे कुठे लिहिले आहे? हजला गेलेल्या आपल्या मोहल्ल्यातल्या बायका पांढऱ्या कपड्यांत फोटो काढतात की नाही? सासूबाई म्हणायच्या, 'तो हज था, ये भोसरी है.' आता कळले की भांडण चुकीच्या जागी चालले होते. बदूचा झगा सैल, मोकळ्या हवेतला. आमचा बुरखा अंगासरशी शिवलेला, घाम न शोषणाऱ्या कापडाचा, त्याखाली आणखी दोन थर, आणि उभे राहायचे ते वाळवंटाच्या वाऱ्यात नव्हे, तर पंखा नसलेल्या वर्गात आणि नाशिक फाट्याच्या धुरात. रंग हा त्यातला एक भाग. कापड, सैलपणा आणि थरांची संख्या हे त्याहून मोठे भाग.

आणि पुण्यात तर याचे उत्तर रस्त्यावर फिरत असते. मार्च लागला की दुचाकीवरची प्रत्येक मुलगी, मग ती कुठल्याही धर्माची असो, डोके-तोंड सुती स्कार्फने गुंडाळते आणि अंगात सनकोट चढवते. फक्त डोळे दिसतात. त्यांना कुणी अडवून विचारत नाही की हे का. तो सनकोट पांढऱ्या किंवा फिकट सुती कापडाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा, पुढून उघडणारा असतो. आम्हाला वाटले, हाच थोडा लांब केला तर?

आता नणंदेची गोष्ट सांगतो, कारण हा लेख खरे तर तिच्यामुळे सुचला. संसारात जमले नाही, म्हणून ती चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली. बारावी झालेली. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या कामावर तिला घेतले. पहिली पाळी सातची, म्हणून सहाच्या आत बस. मोशी ओलांडून, इंद्रायणीच्या पुलावरून चाकणला. तिथे गणवेश सक्तीचा होता, राखाडी शर्ट, पँट, डोक्याला टोपी, पायात सेफ्टी शूज. ओढणी नाही, बांगड्या नाहीत, काहीही लोंबते नाही.

आम्हाला हा नियम पटत होता. 1948 च्या कारखाना कायद्यातसुद्धा चालू यंत्राच्या हलत्या भागांपाशी तपासणीचे काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, आणि ते कारखान्याने पुरवावेत, असे कलम होते. (त्याच कलमात ते काम प्रौढ पुरुषाचे म्हटले होते आणि यंत्र चालू असताना सफाई-तेलपाण्याचे काही काम बायकांना वर्ज्य होते, हा भाग वेगळा.) दुचाकीच्या मागच्या चाकात ओढणी अडकून झालेले अपघात आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यात आहेत. यंत्राला नाती कळत नाहीत.

पण सासूबाईंना हे कसे सांगायचे? नणंद घरातून बुरख्यात निघायची, कारखान्याच्या कपडे बदलण्याच्या खोलीत बुरखा काढून गणवेशात यायची, सुटताना पुन्हा बुरखा. गणवेश धुवायला घरी आणला तर दिसेल, म्हणून ती तो आमच्या पिशवीत टाकायची. आम्ही तो मोरीत रात्री धुऊन आमच्या खोलीतल्या खिडकीला वाळत घालायचो. आठ महिने असे चालले. तिने खोटे काहीच सांगितले नव्हते, फक्त कुणी विचारले नव्हते. तरी दोघींच्या छातीवर ओझे होते. सासूबाई जुन्या वळणाच्या, पण त्यांनीच शिवणयंत्रावर मोहल्ल्याचे कपडे शिवून तीन मुलांना वाढवलेले. त्या दुखावल्या असत्या तर तिची नोकरी सुटली असती आणि लेकराच्या शाळेची फी कुठून येणार होती?

2025 च्या मार्चअखेरीस शाळा उन्हामुळे सकाळच्या झाल्या, प्राथमिकच्या सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिकच्या सात ते पावणेबारा. म्हणून एप्रिलमधल्या त्या दिवशी दुपारी आम्ही घरी होतो. भाच्याला सकाळपासून ताप होता, तो एकदम चढला आणि त्याला झटका आला. डोळे पांढरे झाले. सासूबाई आणि आम्ही त्याला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेले. नणंदेला फोन गेला. चाकणहून दुपारच्या वेळी भोसरीला यायचे म्हणजे चौकाचौकांतली ट्रकांची रांग. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने तिला स्कूटीवर बसवले आणि तासाभरात आणून सोडले.

ती धावत आत आली ती गणवेशातच. राखाडी शर्ट, पँट, पायात ते जड बूट, केसांवर टोपी तशीच. बुरखा कारखान्यातच राहिला होता. तोपर्यंत मूल शांत झोपले होते, लहान मुलांना तापात असा झटका येतो, घाबरू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. नणंद कॉटपाशी बसली आणि रडू लागली. मग तिच्या ध्यानात आले की अम्मी समोर आहेत. तिने टोपी काढली, पुन्हा घातली. आम्ही भिंतीकडे पाहत होतो.

सासूबाई उठल्या. त्यांनी तिच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली, शिवणकाम करणारी बाई कापड धरते तशी, चोळून पाहिली. घामाने ती ओली होती. त्या म्हणाल्या, 'ये कपडा गरम नईं होता क्या गे?'

नणंद म्हणाली, 'होता अम्मी. पर मशीन में अटकता नईं.'

बस, एवढेच झाले. त्यावर घरात कधी बैठक बसली नाही, कुणी कुणाला माफ केले नाही. दुसऱ्या आठवड्यात गणवेश आमच्या खिडकीऐवजी गच्चीच्या दोरीवर वाळू लागला. आणि एके दिवशी सासूबाई स्वतः म्हणाल्या, 'चलो कॅम्प में, सूती कपडा देखते.'

फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेली पिंपरी कॅम्पाची बाजारपेठ आमच्या ओळखीची, पण सासूबाईंबरोबर कापड घेणे हा वेगळाच धडा होता. त्यांनी शिकवलेले इथे देतो, कुणाच्या उपयोगी पडले तर बरे. कापडाच्या टोकाचा एक धागा काढून दुकानदाराला जाळून दाखवायला सांगावा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडते. कमीज बगलेत एक बोट सैल ठेवावी, घाम तिथेच साठतो. फिकट कापड आरपार दिसत असेल तर पूर्ण अस्तर लावू नये, फक्त पुढे-मागे मलमलचे लावावे, बाह्यांना नको. सलवार गडद ठेवावी, कमीज फिकट. महिन्याच्या दिवसांचा आणि सरकारी सूचनेचा, दोघांचाही मान राहतो. अंगावर पाजणारी आई असेल तर कमीज पुढून बटणांची असावी. इस्त्रीचा वेळ नसेल तर कपडे न पिळता, झटकून हँगरवरच वाळवावेत.

बुरखा त्यांनी स्वतः शिवला, सनकोटच्या कापडाचा, राखी रंगाचा. पांढरा नको आणि काळाही नको, हा त्यांचा तोडगा. सैल, पुढून बटणांचा, आत फक्त कमीज, वेगळी ओढणी नाही. स्कार्फ मलमलचा. आणि न सांगता त्यांनी दोन्ही बाजूंना खोल खिसे ठेवले. एकात मोबाईल आणि किल्ली, दुसऱ्यात पाण्याची लहान बाटली मावते. नणंदेला टोपीखाली बसेल असा अंगासरशी सुती स्कार्फ शिवून दिला, टोके कॉलरच्या आत जातात, काही लोंबत नाही. तिच्या सुपरवायझरने तो पाहिला आणि हरकत घेतली नाही.

1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हाची एक गोष्ट आम्ही दरवर्षी 3 जानेवारीला मुलींना सांगतो. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या पिशवीत दुसरे लुगडे नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत. त्यांच्या 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात, आपण आजारपणामुळे दूर असल्याने फातिमावर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी आहे. ती फातिमा आमची वाटते, हे सांगायला नको. इतकी वर्षे ही गोष्ट आम्ही शेणाची म्हणून सांगत होतो. आता वाटते, ती पिशवीचीही आहे. कामावर जाणाऱ्या बाईला दुसरा जोड लागतो, आणि तो कुणीतरी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवावा लागतो.

यंदा पुन्हा उन्हाळा येईल. स्वच्छतागृहांच्या कड्यांसाठी आम्ही शिक्षिकांनी मिळून अर्ज दिला आहे, आमच्या शाळेतल्या दोन दारांना कड्या बसल्याही आहेत. रात्री झोपण्याआधी आता आम्ही उद्याचे कपडे काढून ठेवतो, आमचे, नणंदेचे आणि मुलांचे. पाण्याची बाटली त्या खिशातच ठेवतो, म्हणजे सकाळच्या सात मिनिटांत ती विसरत नाही. परवा आमच्या सात वर्षांच्या लेकीने तिचा ईदचा फ्रॉक दादीपुढे धरला आणि विचारले, 'दादी, इसको जेब किधर है?' सासूबाईंनी चष्मा लावला आणि उसवायला घेतला.